मानमोडीची धाकटी बहीण

"मांगं पाहू नको, आशे. कोनी आवाज दिला तरी वळू नको. पदर नाकाले लाव अन् सीधी जंगलात जाय. मी येतो मांगून."

मायचा हा आवाज आशाबाईंच्या कानात अजून तसाच होता. मानमोडीच्या, म्हणजे त्या मोठ्या तापाच्या साथीच्या सालातला. तेव्हा त्या परकर नेसायच्या. दिवाळी उलटून गेली होती, धान कापायला आलं होतं आणि विळा धरायला गडी नव्हता. सकाळी जो बैल सोडून निघाला तो दिवेलागणीला तिरडीवर. नाकातून रक्त यायचं, ओठ जांभळासारखे निळे पडायचे. म्हातारीकोतारी ओसरीवर बसून राहायची आणि तरणीताठी उचलली जायची, असा उलटा न्याय. शेवटी गावानं गाव सोडलं. ज्याला चालवत होतं तो नाल्यापलीकडच्या जंगलात गवताची खोपडी घालून राहिला. आशाची थोरली बहीण पोटुशी होती आणि तापानं फणफणली होती. तिला टाकून माय कशी निघणार?

रोज सकाळी नाल्याच्या गावाकडच्या काठावर एक माणूस यायचा आणि रातून गेलेल्यांची नावं ओरडून सांगायचा. जवळ यायचं नाही, घोटभर पाणीही घ्यायचं नाही, अशी रीत पडली होती. एके सकाळी त्यानं बहिणीचं नाव घेतलं, त्याच दमात मायचं, आणि त्याच दमात शेजारच्या लटारूच्या काकाचं. बैल मोजावेत तशी नावं. मग तो वळून गेला.

आता स्वराज्य येऊन दहा वर्षं झाली होती. आशाबाईंच्या घरी त्या, लेक सोमाजी आणि सून वच्छला, एवढीच माणसं. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता. चातुर्मासात आशाबाई एकभुक्त राहायच्या. तुळशीला पाणी घालून, हातात तांदळाचे दाणे धरून रोज एक कहाणी सांगायच्या आणि मगच घास घ्यायच्या. कहाणीला ऐकणारं लागतं, नाही तर ती देवापर्यंत पोचत नाही. ऐकायला वच्छला बसायची. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत, भिंतीला टेकून "हूं, हूं" करायची.

"झोपली का वं?"

"नाई बाई. राजा वनात गेला, इथपर्यंत आली मी."

"राजा कवाचाच आला घरी. आता रानी रुसली."

अशी दोघींची गंमत चालायची.

आषाढात धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, ऐन भरात असताना ताप आला. आधी धानोऱ्याच्या बाजारातून आलेल्या एकाला, मग त्याच्या घराला, मग अख्ख्या आळीला. बांधीतल्या चिखलात उभ्या बाया कमरेवर हात ठेवून मटकन खाली बसू लागल्या. अंग ठणकायचं, डोकं फुटायचं, कोरडा खोकला. आशाबाईंनी ऐकलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला. सगळं तेच होतं.

"सोमा, वच्छलेले घेऊन शेतातल्या खोपडीत जाय. आजच्या आज."

"अवं माय, रोवणा अर्धा पडला हाय."

"रोवणा पडू दे. जंगलात गेले ते वाचले होते. मी वाचली न? मी जित्ती हाय म्हनून तू हायेस."

वच्छलेनं गाठोडं बांधलं. निघताना एवढंच म्हणाली, "कहानीले हूं कोन म्हनंल, बाई?"

"तुळस म्हनंल. तू जाय."

आणि आशाबाईंनी तिला सांगितलं, नाक पदरात धर, मागं पाहू नको.

चार दिवसांनी गुणवंतराव कंपाउंडर सायकल चिखलातून ओढत आले. लटारूबुवांच्या ओसरीवर त्यांनी पांढऱ्या गोळ्यांची पेटी उघडली. लटारूबुवांनी मानमोडी पाहिली होती, अंगावर काढलीही होती. आता दोन दिवस अंथरूण धरून ते बिडी ओढत बसले होते.

"का हो डाक्टर, थेच आली का वापस?"

"मी डाक्टर नाई, बुवा. अन् हे थे नाई. एकाच खानदानातली हाय, पन स्वभाव अलग. सांगा, कोनाच्या नाकातून रगत आलं? कोन काळं पडलं?"

"म्हंजे धाकटी बहीन म्हना न. थोरलीनं घर धुवून नेलं, हे नुसती झाडू मारून राह्यली." बुवा खो खो हसले आणि मग तितकाच वेळ खोकले.

आशाबाई खांबाआड उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "भाऊ, अन् पोटुशी बाई असंल तं?"

बुवांसोबत हसणारे कंपाउंडर गंभीर झाले. "तिले जपा, बाई. बाकीच्याइले हा चार दिवसाचा पाहुना. पन भरल्या अंगाच्या बाईले छातीत उतरते कधी कधी. कोरड्यात ठेवा, गरम पेज द्या, ओलं अंग होऊ देऊ नका. कुठी हाय थे?"

"खोपडीत."

"या दिवसात?" ते एवढंच म्हणाले. पण आशाबाईंना त्या दोन शब्दांत सगळं उमगलं. मानमोडी दिवाळीनंतर आली होती. जमीन वाळलेली होती, गवताची खोपडी घरापेक्षा ऊबदार होती. आता आषाढ होता. एक रोग दुसऱ्यासारखा असेल, पण महिना तो नव्हता, आणि हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्या तशाच शेताकडे निघाल्या. पण दुपारीच झड लागली होती, नाल्याला मातकट पाणी चढलं होतं, वाहून आलेले ओंडके गरगरत होते. पलीकडच्या उंचवट्यावर खोपडी दिसत होती. छपरातून धूर निघत नव्हता.

"सोमाऽऽ! घरी आन तिलेऽऽ!"

आशाबाईंचा आवाज जन्माचा बारीक. पाण्यानं तो मध्येच गिळला. सोमाजी बाहेर आला, हात हलवून काही म्हणाला, तेही पोचलं नाही. माय आणि लेक दोन काठांवर भिजत उभे राहिले. मग अंधारून आलं तशी लटारूबुवांच्या सुनेनं त्यांना हाताला धरून घरी नेलं.

झड उघडायला किती दिवस गेले हे आशाबाईंनी मोजलं नाही. रोज काठावर जायच्या, परत यायच्या, तुळशीला कहाणी सांगायच्या आणि न जेवताच ताट झाकायच्या. पाणी उतरून छातीपर्यंत आलं तेव्हा गावच्या चौघांनी वच्छलेला बाजेवर घालून, खांद्यावरून आणलं. पाठीखालची गोधडी पिळावी इतकी ओली होती. खोपडी गळत होती, चूल विझली होती. ताप तिथंही गेलाच होता. सोमाजी घरून निघाला तेव्हाच त्याला बारीक खोकला होता. तो त्यानं रोवण्यातली सर्दी समजून कोणाला सांगितला नव्हता.

तोवर गाव बरं झालं होतं. ज्या बाया चिखलात बसल्या होत्या त्याच पुन्हा रोवणा लावत होत्या, गाणी म्हणत होत्या. त्यांचा आवाज घरात यायचा आणि आशाबाईंना वाटायचं, कोणीतरी त्यांना गप्प करावं. लगेच मनाशीच देवाची क्षमा मागायच्या. दुसऱ्याच्या घरचं माणूस वाचलं याचं का दुःख करायचं?

गुणवंतराव पुन्हा आले. छातीला नळी लावली, पाठ ठोकून पाहिली. "सुई लागंल हिले. थे गडचिरोलीले हाय, माह्याजवळ नाई."

"बंडी जुपतो," सोमाजी म्हणाला.

"कठाणीचा पूर पाहिला का, सोमाजी? काल डोंगा उलटला तिथी."

सोमाजी उठून बैलांजवळ गेला, त्यांच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला आणि तसाच परत आला. आशाबाईंनी पेज केली, पदरानं गाळून चमच्यानं दिली. अर्धी ओठांतून बाहेर आली. वच्छलेचे ओठ पाहून त्यांनी दिवा दूर सरकवला. तो रंग त्यांच्या ओळखीचा होता. आळीभर धाकटी म्हणून फिरलेली, या घरात थोरलीच होऊन बसली होती.

पहाटेकडे वच्छला शुद्धीवर आली.

"बाई, मायले सांगजा."

"तुही माय येतेच. पानी उतरू दे."

"तसं नाई. मी गेली तं." मध्ये श्वासाला थांबली. "काठावरून ओरडून नका सांगू. तुमच्या मायचं सांगलं होतं तसं. तुम्ही सोता जाजा. जवळ बसून सांगजा."

मानमोडीची ती गोष्ट आशाबाईंनीच तिला कधीतरी सांगितली होती, कहाणी संपल्यावर.

"असं बोलू नाई, पोरी."

"जासान न?"

"जाईन."

वच्छलेनं "हूं" म्हटलं, कहाणीला म्हणायची तसं. त्यानंतर ती बोलली नाही. उन्हं वर यायच्या आत गेली, पोटातलं घेऊन.

तिला माती देऊन माणसं परतली, आंघोळी झाल्या. कठाणीचं पाणी उतरायला लागल्याची खबर तिसऱ्या प्रहरी आली. मग कोतवाल सुकलू अंगणात येऊन उभा राहिला.

"बाई, मी जाऊन येतो. काठापर्यंत जातो अन् आवाज टाकतो. त्या पारचे पोचवतील वच्छलेच्या मायले, कलाबाईले. तुम्ही उपाशी हाय, चिखल लय हाय."

"नाई, भाऊ."

"आवाज टाकला का काम झालं. सारेच तसं करतेत."

"माहीत हाय मले."

सोमाजी भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याचा खोकला अजून गेला नव्हता. आशाबाईंनी त्याच्या अंगावर कोरडी गोधडी घातली, उशाशी पेजेची वाटी ठेवली. लटारूबुवांच्या सुनेला म्हणाल्या, "याच्याकडे पाहजो वं."

मग तुळशीसमोर गेल्या. सवयीनं तांदळाचे दाणे हातात घेतले आणि थांबल्या. कोणती कहाणी सांगायची? दाणे त्यांनी पदराच्या टोकाला बांधले. देव्हाऱ्यापुढं हात जोडले, पण मागितलं काहीच नाही.

फाटकाशी आल्यावर वळून एकदा घराकडे पाहिलं. वच्छलेचं लुगडं वलणीच्या दोरीवर होतं, अजून ओलं. मग त्या कठाणीच्या वाटेला लागल्या.