दिवसभर म्हणजे किती?

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि एका उबदार खोलीची कल्पना करा. कपाटाएवढ्या यंत्रात ट्रेवर ट्रे रचले आहेत, ट्रेमध्ये अंडी आहेत आणि प्रत्येक अंड्यात एक जीव आकार घेतो आहे. त्यांच्यावर बसायला कोंबडी नाही. विजेची ऊब हीच त्यांची आई.

आता त्या खोलीच्या मागे या. पत्र्याच्या शेडमध्ये, गोणपाटाखाली बसलोय तो मी, एक जुना डिझेल जनरेटर.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा हिरवा रंग चकाकत होता. वीज गेली की उबवणी केंद्राचे मालक धावत येऊन माझे हँडल फिरवत आणि मी धडधडू लागे. "हा आहे म्हणून आपण आहोत," असे ते म्हणत, तेव्हा छाती फुगायची. पण माझ्या धुराने मागची भिंत काळी पडली. मालकांची मुलगी खोकू लागली. त्या खोकल्याचे कारण मीच होतो, हे मला कळत होते.

मुलगी प्रत्येक शब्दाला उलटा प्रश्न विचारायची, म्हणून तिची आत्या तिला वकीलबाई म्हणायची. छपरावर सौर पॅनेल बसले तेव्हा सर्वांत जास्त आनंद तिला झाला. "दिवसभराची चिंता मिटली तुमची," पॅनेल बसवणारे काका म्हणाले. मग माझी टाकी रिकामी झाली. एका कोंबडीने माझ्या डोक्यावर बस्तान मांडले. खोटे कशाला बोलू, वाईट वाटले. पण खोकला थांबला होता.

मग आभाळ भरून आले आणि तसेच राहिले. वादळात विजेचे खांब पडले. पॅनेलमधून थेंबभर वीज येईना. एका दुपारी बॅटऱ्याही संपल्या आणि अंड्यांच्या यंत्रातला तापमानाचा काटा खाली सरकू लागला. अंडी फुटून पिल्ले बाहेर यायची वेळ झाली होती.

पॅनेलवाले काका निरोप मिळताच चिखल तुडवत पायी आले. मालक चिडले होते. "तुम्ही दिवसभराची म्हणाला होतात."

"हो, ऊन असेल तो दिवस. रात्रीपुरत्या बॅटऱ्या दिल्या की. इतके दिवस ढग राहिले तर पुरतील एवढ्या बॅटऱ्या ठेवायच्या म्हटलं, तर खोली त्यांनीच भरेल आणि अंडी अंगणात ठेवावी लागतील."

"आम्ही दिवसभर म्हणजे रात्र धरून समजलो," आत्या म्हणाली.

"काका, तुम्ही आम्हाला आधीच विचारायचं ना, तुमचा दिवस केवढा ते," वकीलबाई म्हणाली. कुणाला हसू आले नाही.

शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरमधून एक कॅन डिझेल मिळाले. गाडीचा रस्ता बंद, त्यामुळे ऊन येईपर्यंत तेवढ्यावरच भागवायचे होते. आत्याने कोंबडीला उचलले. काकांनी माझ्या डिझेलच्या नळीत अडकलेली हवा काढली. मालकांनी हँडल मारले. मी नुसता ढेकर दिला. पुन्हा मारले, पुन्हा तेच. मित्रांनो, वापराविना पडलेल्या लोखंडाचे सांधे असे आखडतात. घामाघूम होऊन त्यांनी आणखी एकदा जोर लावला, आणि मी धडधडलो.

काटा थांबला. पण मुलीचा चेहरा उतरला. "म्हणजे पॅनेल खोटेच?"

"खोटे कसले गं?" आत्या म्हणाली. "त्यांच्यामुळे हा म्हातारा इतके महिने निजला, तू खोकली नाहीस. पण ढगाआडच्या सूर्याला कामाला कसं लावशील?"

मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. मी काळा धूर ओकत होतो आणि दमत होतो. कारण मी नुसत्या अंड्यांसाठी राबत नव्हतो. खाद्य दळणारी चक्की, पाण्याचा पंप, घरातला टीव्ही, सारे माझ्याच खांद्यावर होते.

मित्रांनो, उन्हाच्या जोरावर खूप काही चालते, सगळे नाही. निदान अजून तरी नाही. मला महिन्यातून एकदा फिरवा, तेलपाणी करा, पण उगाच राबवू नका. वीज कुठूनही येवो, आधी ती कुणाला हवी ते विचारा.

हे मी मनातच बोललो. यंत्राचे कोण ऐकतो?

मुलगी आत गेली. स्टूल ओढल्याचा आवाज आला. एकेक बटण खटकन बंद झाले, तसा माझ्यावरचा भार उतरला आणि धूर पातळ झाला.

"टीव्ही कुणी बंद केला?" मालकांनी विचारले.

 उघड्या दारातून मला दिसले, हातात खडू घेऊन मुलगी चक्कीच्या बटणाशेजारी लिहीत होती : ऊन आल्यावर.