चालू इंजिन

"भोक पाडणार म्हणजे? माझ्या गाडीला भोक?"

बॉनेटखाली वाकलेल्या वायरमनने मान वर केली नाही. "वायर आत न्यायची कशी मग? तुमच्या खिशातून? आधीच या गाडीला एवढी भोकं आहेत, आणखी एकानं तिला काही वाटणार नाही."

"ती गंजानं पडलीत. देवाची करणी आहे ती."

"देवानं एका तरी भोकाला रबर बसवलंय का? मी बसवून देतो. घ्या, टॉर्च धरा जरा."

टॉर्च धरून उभ्या राहिलेल्या त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला टॅक्सी स्टँडवर सगळे थेंबशेठ म्हणत. हे नाव त्याने कष्टाने कमावलं होतं. पेट्रोलचा थेंब वाचवायला गाडी पुरती थांबायच्या आत याचा हात किल्लीवर जायचा आणि इंजिन बंद व्हायचं. सिग्नलला बंद, फाटकाला बंद, गिऱ्हाईक डिकीत सामान टाकेपर्यंत बंद. स्टँडवरची रांग पुढे सरकली की बाकीचे गाडी चालू करून दोन हात पुढे घेत; थेंबशेठ खाली उतरून खांद्याने ढकलत असे. उभ्या गाडीला प्यायला कशाला द्यायचं, असं त्याचं म्हणणं. लोक हसत, तोही हसे, आणि परत ढकले.

त्याची दुसरी ख्याती झोपेची होती. रांगेत नंबर लागेपर्यंत तो सीट मागे टाकून असा झोपायचा की शेजारी भांडण जुंपलं, हॉर्न कोकलले, तरी पापणी हलायची नाही. फक्त काचेवर बोटाने टकटक झाली की ताडकन उठून विचारायचा, "कुठं जायचंय?" डोळे नंतर उघडायचे.

आता या गाडीत इन्व्हर्टर बसत होता तो त्याच्या बायकोसाठी. तिची फुप्फुसं निकामी होत चालली होती. पलंगाशेजारी हवेतून ऑक्सिजन गाळून देणारं यंत्र दिवसरात्र घरघरत असे आणि त्याची नळी तिच्या नाकात असे. यंत्र विजेवर चाले, आणि त्या वस्तीतली वीज लहरी होती. पलंगाखाली ऑक्सिजनचा एक सिलिंडर होता, पण त्याची चावी फिरवायला लागणारा जोर तिच्या मनगटात उरला नव्हता. घरात वेगळा इन्व्हर्टर आणि वेगळी बॅटरी घ्या, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. थेंबशेठचं उत्तर ठरलेलं. एक बॅटरी दारात उभी आहे, दुसरी कशाला?

"हा इन्व्हर्टरचा डबा सीटखाली," वायरमन सांगू लागला. हा माणूस कामाला चोख आणि तोंडाने फटकळ होता. "बॅटरीपासून डब्यापर्यंत ही जाड वायर, जितकी आखूड तितकी चांगली. हा फ्यूज. डब्यातून पुढं घरातल्यासारखीच वीज मिळते, तिथं लांब वायर लावायची आणि खिडकीतून आत सोडायची. गाडीचं तोंड खिडकीकडं, शेपूट रस्त्याकडं. उलटी लावलीत तर धूर वहिनींच्या नाकात."

"तेवढं कळतं मला."

"आणि इंजिन चालू ठेवायचं. हे नीट ऐका, कारण तुम्ही कोण आहात ते मला माहीत आहे. यंत्र भरपूर वीज खातं. इंजिन बंद केलंत तर बॅटरी बघता बघता बसेल, डबा थोडा वेळ कुंई कुंई करेल आणि गप्प होईल."

"चालू ठेवीन की."

"शप्पथ?"

"अरे, बायको आहे ती माझी."

"म्हणून तर विचारतोय," असं म्हणून वायरमनने शेवटचा नट आवळला आणि वायरला असा हिसका दिला की गाडी हलली. "हा जोड सुटला तर दुकानाला कुलूप लावीन. माझा जोड आजवर सुटलेला नाही."

पहिल्यांदा वीज गेली ती एका संध्याकाळी. थेंबशेठने गाडी खिडकीला नाक लावून उभी केली, इंजिन सुरू केलं, खिडकीच्या गजांतून वायर आत दिली आणि यंत्र घरघरलं. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. तिचा पलंग खिडकीला चिकटूनच होता. मध्ये फक्त बॉनेट आणि काच.

"अहो," ती आतून म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तुमची गाडी माझ्या कामाला आली."

"बोलू नकोस, दम लागेल."

"आजवर तुम्ही बोलू दिलं नाहीत, आता दम बोलू देत नाही. गप्प बसायचंच नशिबात." मग तिने खिडकीच्या कट्ट्यावर एक वाटी आणि एक चमचा ठेवला. "काही लागलं तर वाजवीन. ओरडणं काही आता जमायचं नाही."

वीज येईपर्यंत तो उभ्या गाडीत बसून राहिला, पेट्रोलचा काटा बघत. पेट्रोल जळत होतं आणि गाडी कुठेच जात नव्हती. किल्लीकडे जायला त्याच्या हाताला सारखी खाज सुटत होती. मग त्याने हात मांडीखाली दाबून धरला.

डबा गाडीतच आहे, तर यंत्र गाडीतही चालेल, हे तिच्या डोक्यात आलं. त्याच्या नाही. एके दिवशी सकाळी तिने हट्टच धरला. "मला तुमचा स्टँड बघायचाय."

"स्टँडात काय बघायचंय? गाड्या आणि घाण."

"तुमचा जन्म गेला तिथं. माझ्यापेक्षा जास्त त्या जागेशी संसार केलात. सवत कशी दिसते ते तरी बघू दे."

वरच्या मजल्यावरच्या मावशींनी तिला उचलून बसवायला मदत केली. पुढे बस म्हटलं तर ती ऐकेना. मागेच बसली, यंत्र पायांशी, आणि गिऱ्हाइकासारखी म्हणाली, "चला हो ड्रायव्हर. लांबच्या रस्त्यानं फिरवून लुटू नका." थेंबशेठला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही आरशात दिसू नये म्हणून त्याने आरसा फिरवला.

स्टँडवर सगळे ड्रायव्हर गाडीभोवती जमले. वहिनी, वहिनी करत कुणी थंड पाणी आणलं, कुणी थेंबशेठ गाडी कसा ढकलतो त्याची नक्कल करून दाखवली. ती पोट धरून हसली, मग खोकली, मग परत हसली. या गडबडीत कुणाच्याच लक्षात आलं नाही. तिच्याच आलं.

"अहो. इंजिन बंद केलंत."

त्याने हाताकडे पाहिलं. हात किल्लीवर होता. कधी गेला, त्याला पत्ता नव्हता. त्याने घाईघाईने गाडी चालू केली.

"यंत्र चालूच होतं गं, बॅटरीवर."

"चालू होतं," ती म्हणाली. "पण तुमचा हात तुमचं ऐकत नाही."

घरी आल्यावर त्या गोष्टीवर दोघं पुन्हा बोलले नाहीत. बोलायला हवं होतं. पण त्या दिवशी ती इतकी खूश होती की तिला स्टँडवरच्या नकलाच आठवत राहिल्या.

मग वस्तीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. सकाळीच मोठा आवाज झाला आणि सगळं बंद पडलं. दुसरा यायला संध्याकाळ होईल, असं सांगण्यात आलं. थेंबशेठने आदल्याच दिवशी टाकी भरली होती. गाडी लावली, वायर दिली, इंजिन चालू. आदली रात्र त्याने तिची पाठ चोळत काढली होती, कारण तिला आडवं होता येत नव्हतं. ती रात्रही काही पहिली नव्हती.

दुपारपर्यंत तो ताठ बसून होता. मावशी येऊन तिला पेज भरवून गेल्या. ऊन चढलं, पत्रा तापला, इंजिनची एकसारखी थरथर सीटमधून पाठीत उतरत होती.

"जरा डोळा लावा," ती खिडकीतून म्हणाली. "तुमचे डोळे बघा, कसे झालेत."

"मी बसलोय ना. तू पड."

"मला कुठलं पडता येतंय? तुम्हीच पडा माझ्या वाटचं."

त्याने तिच्या समाधानासाठी सीट मागे टाकली. फक्त पाठ टेकायची, झोपायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. पण सीट मागे गेली, पाय पुढे पसरले, डोक्याखाली हात गेला आणि अंगाला वाटलं, आपण स्टँडवर आहोत, नंबर लागायला वेळ आहे. स्टँडवर नंबर लागेपर्यंत जे करायचं ते दुसऱ्या हाताने केलं. इंजिनची थरथर थांबली. ती थांबल्यामुळेच त्याला इतकी गाढ झोप लागली.

काचेवर टकटक झाली.

तो ताडकन उठून बसला. "कुठं जायचंय?"

काचेपलीकडे मावशी होत्या. त्या नुसत्या काचेवर बोट आपटत राहिल्या, तो जागा झाल्यानंतरही.

वीज तुटली की वाजणारी यंत्राची शिटी वरपर्यंत ऐकू आली होती, असं मावशी नंतर रडत रडत सगळ्यांना सांगत होत्या. त्यांना वाटलं कुणाचा तरी कुकर. कुकर इतका वेळ कसा वाजेल, हे मनात आलं तेव्हा त्या धावत खाली आल्या. त्यांनी आधी तिला हलवलं, मग नाकाशी हात धरून पाहिला, मग त्याच्याकडे पळाल्या. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं संपलीच होती, आज ना उद्या हे होणारच होतं. शेजारी म्हणाले, बिचारा दिवसभर उन्हात गाडीत बसून होता, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. थेंबशेठ सगळ्यांचं ऐकून घेत होता. प्रत्येक वाक्य त्याला थपडेसारखं लागत होतं आणि तो गाल पुढे करत होता.

सगळं आटोपल्यावर कुणीतरी वायरमनला बोलावलं. गाडी खिडकीसमोर तशीच पडून होती आणि चालू होत नव्हती. वायरमन दुसरी बॅटरी घेऊन आला. थेंबशेठ पायरीवर बसला होता. पाचसहा शेजारी आजूबाजूला उभे होते.

बॉनेट उघडायला म्हणून वायरमन वाकला आणि थांबला. काचेच्या खाली, वायपरच्या खाचेत एक चमचा अडकला होता. त्याने तो काढला, खिडकीकडे पाहिलं. कट्ट्यावर नुसती वाटी होती. वाजवून वाजवून भागलं नाही तेव्हा तिने तो गाडीवर फेकला होता. काचेपर्यंत पोहोचलाही होता. पण बोटाच्या टकटकीसारखा वाजला नसेल.

वायरमनने बॅटरीला मीटर लावलं. बॅटरी पार कोरडी ठणठणीत. टाकीचा काटा पाहिला, पेट्रोल भरपूर. किल्ली पाहिली, बंद केलेली. त्याने थेंबशेठकडे पाहिलं, आणि थेंबशेठने मान खाली घातली नाही. विचार मला, असंच त्याचे डोळे म्हणत होते.

"काय झालं होतं हो?" एका शेजाऱ्याने विचारलं.

वायरमनने बॅटरीवरचा जोड बोटांनी ओढून पाहिला, तो घट्ट होता. मग म्हणाला, "जोड सुटला होता. बॅटरीला चार्जिंगच मिळालं नाही. माझंच काम कच्चं राहिलं."

शेजारी एकमेकांकडे बघू लागले. एकजण पुटपुटला की असल्या कामाला चांगला माणूस बघायला हवा होता. वायरमनने ते ऐकलं आणि नट आवळत राहिला.

"तुझा जोड सुटला नव्हता," थेंबशेठ म्हणाला. आवाज इतका बारीक होता की फक्त वायरमनलाच ऐकू गेला.

"सुटतो कधीकधी, शेठ. सगळ्यांचाच सुटतो." त्याने चमचा शर्टाला पुसला आणि थेंबशेठच्या हातात दिला. "डबा काढून नेऊ?"

थेंबशेठने मान हलवली. नको.

पंधरवड्याने तो परत स्टँडवर आला. एकाने खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. रांगेत शेवटी त्याने गाडी लावली. इंजिन चालूच ठेवलं. बाकीच्यांना वाटलं, विसरला असेल. पण बराच वेळ गेला तरी ते चालूच राहिलं, तेव्हा पुढच्या गाडीचा ड्रायव्हर उतरून त्याच्या खिडकीशी आला.

"शेठ, इंजिन चालू आहे तुमचं."

"हो."

"नंबर यायला वेळ आहे अजून. बंद करा की. पेट्रोल जळतंय."

"जळू दे."

ड्रायव्हरने आत डोकावून पाहिलं. गाडीत सीट ताठ होती, मागे टाकलेली नव्हती. म्हातारा पुढे बघत बसला होता, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून. रांग पुढे सरकली तेव्हा त्याने गाडी हळूच दोन हात पुढे घेतली आणि परत तसाच बसून राहिला.