वेढ्याखालचा आवाज

माझ्या दुकानात कोणी सी-नव्वद मागितली की माझं डोकं फिरायचं. एकोणीसशे शहाऐंशी साल. सीताबर्डीच्या एका गल्लीत, लाकडी जिना चढून वर, माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. लोक वहीच्या पानावर गाण्यांची यादी आणायचे आणि म्हणायचे, "मधुकरराव, नव्वदची घ्या, जास्त गाणी बसतात." मग मी हातातलं काम टाकून त्यांची शाळा घ्यायचो. साठ मिनिटांच्या कॅसेटची फीत जाड, नव्वदची पातळ, आणि एकशे वीसची तर इतकी पातळ की नागपूरच्या उन्हाळ्यात ती मशीनच्या पोटात शेवयांसारखी गुंतते. गाणी जास्त पाहिजेत की आवाज चांगला पाहिजे, ते आधी ठरवा. गिऱ्हाईक बिचारं यादी धरून उभं. काही जण परत यायचेच नाहीत आणि मला त्याचं काही वाटायचं नाही.

खरं म्हणजे त्या फितीचं मला वेड होतं. तपकिरी पट्टी, तिच्यावर गंजाच्याच जातीची पूड, आणि त्या पुडीत माणूस गातो! वीस वर्षं हेच काम करूनही फीत फिरायला लागली की माझ्या अंगावर काटा यायचा. हे मात्र मी कोणाला बोलून दाखवत नव्हतो.

ह्या धंद्यात बोटाला एक सवय लागते. गाणं संपलं की पॉज दाबायचा, पुढचं सुरू झालं की सोडायचा. मधली बडबड, टाळ्या, खोकला, काही म्हणजे काही कॅसेटमध्ये जाऊ द्यायचं नाही. दोन गाण्यांच्या मधे सुई जाणार नाही अशी कॅसेट भरतो म्हणून बर्डीत माझं नाव होतं, आणि मला त्याची घमेंड होती.

मे महिन्यातली दुपार होती. पंख्याची हवासुद्धा गरम. जिना चढून एक विशीतली मुलगी आली आणि तिच्यामागे दम खात एक उंच, वाळलेला माणूस. त्याच्या गळ्याशी पांढरा रुमाल बांधलेला होता आणि काखेत शाळेतल्या पोराची असते तशी पाटी होती.

"काका, मी प्रेमिला. धंतोलीच्या दवाखान्यात नर्स आहो," मुलगी म्हणाली. "हे माझे बाबा, आनंदराव. इंदोऱ्याच्या गायन पार्टीत मेन गात होते. हे स्पूल आहे, याची मले कॅसेट करून पाहिजे."

तिनं पिशवीतून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं स्पूल, म्हणजे जुन्या टेपचं फीत गुंडाळलेलं चाक, काढलं. मग कौतुकानं वॉकमनही काढून दाखवला. पहिल्या पगारातून घेतलेला, अजून खोक्याचा वास होता त्याला.

"ओरिजनल आवाज आहे का बाबांचा?" मी विचारलं.

"हो ना. हा एकच आहे. मी आठ महिन्यांची होती तवा त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. कॅन्सर होता. आवाजाची पेटीच काढावी लागली." तिनं बापाकडे पाहिलं. तो शांतपणे माझ्या मशीनकडे पाहत होता. "आमच्या घरी मशीन नव्हतं कधी. म्हणून मी बाबांचा आवाज ऐकलाच नाही. गाण्याचं एवढं नाही काका, पार्टीतले दुसरे लोक तेच गाणे म्हणतेत. मले ते..."

"साठ की नव्वद?" मी तिला मधेच तोडलं. एवढं ऐकून माझ्या डोक्यात फक्त फीत फिरायला लागली होती.

"जेच्यात सगळंच्या सगळं बसते ते द्या."

झालं! मी शाळा सुरू केली. सगळं पाहिजे, सगळं पाहिजे करता आणि मग आवाजाच्या नावानं नुसती सूंऽऽ ऐकत बसता. माझ्या कपाटात क्रोमच्या फितीची एक परदेशी सी-साठ होती. तिच्यात मागची सूं जवळजवळ नसतेच. ती मी वर्षभर स्वतःसाठी जपून ठेवली होती, आणि आनंदरावांकडे पाहून, काय वाटलं कोण जाणे, तीच बाहेर काढली. "ह्याच्यात मी फक्त गाणी भरतो. चांगली, स्वच्छ. मधलं सगळं काढून टाकतो. ऐकशील तर पाहत राहशील वं." प्रेमिला काहीतरी बोलणार होती, पण मी तोवर वळलोसुद्धा होतो.

स्पूल उलगडलं आणि माझा उत्साह गार पडला. ते टिनाच्या छपराखाली वीस उन्हाळे शेकलं होतं. फितीच्या कडा चुरगळल्या होत्या, बोटाला तपकिरी पूड लागत होती.

"हे भरलं कोणी?" मी विचारलं. आनंदरावांनी पाटीवर लिहिलं: बाबाराव, रेल्वेवाले. त्यांच्याकडे मशीन होती. माझ्या घरचा कार्यक्रम.

ह्या बाबारावांनी रात्रभराचा कार्यक्रम एकाच स्पुलात बसवायचा म्हणून मशीन सगळ्यात मंद गतीवर ठेवलं होतं. सेकंदाला साडेसात इंचांच्या गतीवर भरलं असतं तर आवाज कसा आला असता! सगळं पाहिजे म्हणणारा आणखी एक. मी त्यांच्या नावानं चडफडलो आणि बापलेकींना खरं ते सांगून टाकलं, "आनंदराव, ही फीत एकदाच चालेल. मशीनच्या हेडवर घासून गेली की पूड झडून जाईल. दुसऱ्यांदा ऐकायला काही उरणार नाही. चालवू?"

आनंदरावांनी मुलीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यांनी पाटी पालथी मांडीवर ठेवली आणि हात जोडले, मला की मशीनला ते कळलं नाही.

मी हेड स्पिरिटनं पुसले, क्रोमची कॅसेट लावली, स्पीकर चालू ठेवला आणि स्पूल सोडलं.

आधी खरखर, मग ढोलकी, आणि मग तो आवाज. काय सांगू! भरदार, जरासा घोगरा, वर जाताना कुठंही ओढाताण नाही. मंद गतीवर भरलेला, वीस वर्षं भाजलेला, तरी खोली भरून गेली. समोर बसलेला रुमालवाला माणूस आणि हा आवाज एकाच छातीतले आहेत हे मला पटेना. प्रेमिला एकदा स्पीकरकडे पाही, एकदा बापाकडे. आनंदरावांचा पाय ताल धरत होता. हेडच्या खाली तपकिरी धूळ साचत चालली होती.

गाणं संपलं. माझ्या बोटानं पॉज दाबला.

मी नाही दाबला, बोटानं दाबला. स्पूल फिरतच होतं, कॅसेट थांबली होती, आणि स्पीकरमधून तोच आवाज आता न गाता बोलत होता, "मंडळी, एक मिनिट थांबा गा. आज पोरीचं नाव ठेवलं आमी. तुमाले सांगायचं राहूनच गेलं. तिचं नाव हाय..." आणि मग माईकला तोंड लावून, अख्ख्या इंदोऱ्याला ऐकू जाईल असं, "प्रेमिला!"

मुलगी खुर्चीवरून उठून उभी राहिली.

"अरे बापा," स्पीकरमधला आवाज एकदम खाली आला, "टाळ्या नोका वाजवू. झोपून राहिली ते."

माणसं हसली, बारीक, आवरून. मग सगळं गप्प झालं. शेदोनशे माणसं एका तान्ह्या पोरीची झोप मोडू नये म्हणून गप्प बसली. तेव्हा कुठं मला माझं बोट दिसलं. ते पॉजवर होतं. मी ते विस्तवावरून काढावं तसं काढलं, पण आता भरायला समोर नुसती शांतताच होती. सात-आठ सेकंद तीच गेली, आणि पेटीचे सूर सुरू झाले.

दुसरं गाणं अर्ध्याच्या वर गेलं आणि आवाज बसायला लागला. आतले वेढे एकमेकांना चिकटले होते. सुटताना पूड खरवडून निघत होती आणि मागं पारदर्शक प्लॅस्टिक राहत होतं. दोन ठिकाणी फीत तुटली. मी जोडली. नंतर स्पीकरमधून काहीच येईना.

मी पहिला भाग उलटा गुंडाळून परत लावून पाहिला. खसखस, खसखस, बस.

"पोरी," मी म्हणालो, "ते बोलले ते आलं नाही कॅसेटमध्ये. मीच थांबवलं. मला माफ कर." आयुष्यात गिऱ्हाइकाची माफी मी तेव्हा पहिल्यांदा मागितली. मी मान खाली घातली होती आणि खरंच रडू येत होतं.

"तेच तर पाहिजे होतं ना काका मले," ती म्हणाली. रागावली नाही, ते जास्त लागलं. "बाबा बोलत कसे होते तेच. मी तुमाले सांगूनच राहिली होती." मग म्हणाली, "पण ऐकलं ना मी. एक डाव तर ऐकलं."

आनंदरावांनी पाटी उचलली, काहीतरी लिहिलं आणि न दाखवताच पुसून टाकलं.

तिनं कॅसेट वॉकमनमध्ये घातली, हेडफोन कानाला लावले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी हेडवरची पूड पुसत होतो. ती पूड म्हणजे काय हे कळत असल्यामुळे फडकं टाकवत नव्हतं. पाच-सहा मिनिटं गेली असतील.

"काका!"

तिनं माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि फीत जराशी मागं घेतली. पहिल्या गाण्याचा शेवट. मग ती शांतता. क्रोमची कॅसेट, त्यामुळे सूं नाही, काही नाही, विहिरीच्या तळासारखं गार. आणि त्या शांततेत, फार फार लांबून, कोणीतरी म्हणालं, "प्रेमिला!"

मी परत ऐकलं. परत तेच. मला ते शास्त्र माहीत होतं. फितीचे वेढे वर्षानुवर्षं एकमेकांवर पडून राहिले की जोरात उमटलेला आवाज शेजारच्या वेढ्यावरही आपला ठसा ठेवतो. त्याला आम्ही मशीनवाले दोष म्हणतो. ते नाव मोठ्यानं पुकारलेलं, पुढच्याच वेढ्यावर लोक तिच्या झोपेसाठी गप्प बसलेले. त्या गप्प वेढ्याला वीस वर्षं खेटून ते नाव तिथंही उमटलं होतं, आणि मी बोट काढल्यावर तोच वेढा कॅसेटमध्ये उतरला होता. नव्वदच्या साध्या कॅसेटमध्ये ते सूंखाली बुडालं असतं. हे सगळं मला कळत होतं, आणि तरीही मी देवळात उभं राहावं तसा उभा होतो.

मी हेडफोन आनंदरावांच्या कानांवर ठेवले. त्यांनी एकदा ऐकलं. डोळे मिटून दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा बोटांवर काहीतरी मोजत ऐकलं. मग हेडफोन काढून मुलीच्या कानांवर नीट बसवले, केस बाजूला केले, फीत मागं घेऊन सोडली आणि तिच्यासमोर उभे राहिले.

गाणं संपलं तेव्हा तिनं बोट वर करून त्यांना खूण केली. ते बोटांवर मोजू लागले. एक, दोन, तीन. दुकानात पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. सातव्या बोटाला त्यांनी तोंड उघडलं, आणि ओठ हलले, सावकाश, तीन अक्षरं.

मला काहीच ऐकू आलं नाही. तिला आलं.

"ओ, बाबा," ती म्हणाली.