मुरलीपुऱ्याच्या कपाटातली पदवी

मित्रांनो, मी बी.एड.ची एक जुनी पदवी आहे. जुनी म्हणजे सातच वर्षांची. पण त्यातली पाच लोखंडी कपाटात काढल्यावर कागदालासुद्धा म्हातारपण येतं. माझा कागद जाड आहे, शिक्का सोनेरी आहे आणि खाली कुलगुरूंची सही आहे. सही छापील आहे हे मला ठाऊक आहे, पण तेवढा तोरा मला असू द्या.

माझा जन्म विद्यापीठाच्या छापखान्यात झाला. तिथून मी जयपूरच्या आदर्श नगरातल्या एका बी.एड. महाविद्यालयात आले आणि देवयानीच्या हाती पडले. दोन वर्षं तिने रात्रीचा दिवस करून पाठ टाचणं लिहिली होती, तक्ते रंगवले होते, मागच्या बाकावर बसणाऱ्या परीक्षकांसमोर सराव पाठ घेतले होते. मला हातात घेतल्यावर तिने आधी ओढणीला हात पुसले. मी तिथेच तिची झाले.

तिचे बाबा श्यामकांत विमा कंपनीत अधिकारी. अकोल्याहून बदलीवर आले आणि जयपूरचेच झाले. त्यांनी मला प्लास्टिकच्या कव्हरात घातलं आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनासुद्धा काढून दाखवलं. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस.

मग देवयानीला मुरलीपुऱ्यातल्या एका खासगी शाळेत नोकरी लागली. तिथली रीत अशी, की नव्या शिक्षकाने आपली मूळ कागदपत्रं शाळेत जमा करायची, म्हणजे कुणी वर्षाच्या मध्येच सोडून जात नाही. देवयानी कचरत होती. पण बाबा म्हणाले, "अगं, आमच्याकडे लोक पॉलिसीचे मूळ कागद ठेवतातच की. काम झालं की परत मिळतात. देऊन टाक." माणूस सज्जन, आयुष्यभर एकाच कचेरीत बसलेला; सगळं जग आपल्या कचेरीसारखंच चालतं असं त्यांना वाटायचं. शाळेचे लिपिक दशरथजी यांनी रजिस्टरात माझी नोंद केली आणि कपाट बंद झालं.

कपाटात आम्ही एकोणीस जणी होतो. चौमूंहून बसने येणाऱ्या संकल्पची गुणपत्रिका माझ्या खाली, भार्गवीची पदवी वर. संकल्प तर केव्हाच कंटाळून शाळा सोडून गेला होता; त्याची गुणपत्रिका मात्र आमच्यातच राहिली. बाहेरची हवा आम्हाला वर्षातून एकदा कळायची. आदर्श नगरचं महाविद्यालय माजी विद्यार्थ्यांच्या बातम्यांचं एक पत्रक काढतं. कोण मुख्याध्यापक झालं, कुणाचं लग्न जमलं, कुणाला मुलगी झाली. देवयानीच्या नावाने शाळेत आलेलं ते पत्रक दशरथजी चहा पिता पिता मोठ्याने वाचायचे. कुणी जोधपूरला गेलेलं असायचं, कुणी दुबईला. देवयानीच्या नावापुढे दरवर्षी तेच: मुरलीपुऱ्यातील शाळेत शिक्षिका. तिला चांगल्या संधी येत होत्या, पण नेमक्या वर्षाच्या मध्येच; मुलाखतीला मूळ पदवी लागते आणि ती तर मी, कुलपाआड. मला तेव्हा फार अपराधी वाटायचं. जिला पुढे न्यायला माझा जन्म झाला, तिच्याच पायातली बेडी मी झाले होते.

यंदा दिवाळीनंतर देवयानीची सरकारी शाळेत निवड झाली. तीन आठवड्यांत मूळ कागदपत्रं दाखवा, नाहीतर निवड रद्द, असं पत्र आलं. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटचीच संधी होती. ती प्राचार्या मंदाकिनी मॅडमकडे चार वेळा गेली. पाचव्या वेळी बाबाही बरोबर आले. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी दोघांना चहासुद्धा दिला. पण उत्तर तेच: "सेशन पूरा कर दीजिए, मार्च में खुद हाथ में दूँगी. अभी दसवीं की गणित कौन पढ़ाएगा?"

दोघं बाहेर येऊन माझ्या कपाटाशेजारच्या बाकावर बसली. दशरथजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बिटिया, गुम हो गई लिखवाकर दूसरी निकलवा लो. सब यही करते हैं."

"बाबा, मतलब मी खोटं लिहू?" देवयानीने विचारलं. "पोरांना मी रोज काय शिकवते?"

बाबा म्हणाले, "तीस वर्षं मी असेच अर्ज बघितले. कागद घरात आणि अर्जात हरवलेला. एकालाही सोडलं नाही मी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मसुदा मी लिहून देतो. कुठे पकडतात ते मला माहीत आहे. मूळ कागद दे म्हणणाराही मीच होतो."

ती दोघं उठून गेली. मी त्यांच्यापासून एका पत्र्याच्या अंतरावर होते, आणि मला हाक मारता येत नव्हती.

दुसरी पदवी वेळेवर आली. देवयानी सरकारी शाळेत रुजू झाली. मला आनंद झाला का? झाला, अगदी मनापासून. आणि आता माझं काय, असंही मनात आलं; तेही लपवत नाही.

मार्च उजाडला. मॅडम शब्दाच्या पक्क्या. त्यांनी स्वतः मला बाहेर काढलं, कव्हरावरची धूळ झटकली आणि दशरथजींना फोन लावायला सांगितला. पाच वर्षांनी माझ्यावर ऊन पडलं होतं. टेबलावर ठेवलेल्या फोनमधून देवयानीचा आवाज आला आणि मला वाटलं, सुटले.

"मैडम आपकी डिग्री लौटा रही हैं," दशरथजी म्हणाले. "कब आओगी?"

पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता. तिने वर्गाचं दार लावलं असावं, कारण तो एकदम थांबला.

"दशरथजी," ती हळू म्हणाली, "मेरी डिग्री तो गुम हो गई थी."

मला राग आला नाही. मी घरी सापडले असते तर हरवल्याच्या अर्जावरची तिची सही खोटी ठरली असती आणि नोकरीही गेली असती. मॅडमनी मान खाली घातली. दशरथजींनी मला पुन्हा कपाटात ठेवलं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी शिक्षक व्हाल, कुणी शाळा चालवाल. आपली मूळ कागदपत्रं कुणाकडे ठेवू नका, आणि कुणाची अडवूनही ठेवू नका. अडवलेला कागद एक दिवस परत देता येतो. पण तो घ्यायला यायची सोय त्या माणसाला उरलेली नसते.