फट नसलेलं गॅरेज

मी एक जुनी मोटारगाडी आहे, मित्रांनो. माझ्या बरोबरीच्या बहुतेक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. मी टिकले, कारण माझ्यावर एका माणसाने जिवापाड माया केली. पण त्याच मायेपोटी एका दुपारी जे घडलं, ते आठवलं की अजूनही माझ्या इंजिनात धस्स होतं. सांगते, ऐका.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी गडद निळी होते, आणि अंगावरच्या चकाकीत माणसं आपला भांग नीट करून घेत. माझे पहिले मालक एक वकील. घर ते कोर्ट आणि कोर्ट ते घर, एवढंच माझं जग. बसून बसून सीटा उसवल्या तेव्हा वकिलांनी नवीन कव्हरं शिवायला एका टेलरला बोलावलं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर गळ्यात टेप अडकवून आले आणि त्यांनी माझ्या सीटांची मापं अशी घेतली, जणू उद्या बोहल्यावर चढणाऱ्या मुलाचा कोट शिवायचा आहे. जाताना माझ्या दारावर हात फिरवून म्हणाले, "अंगाने चांगली आहे हो."

पुढे वकिलांची नजर अधू झाली, गाडी चालवणं सुटलं, आणि मी मास्तरांच्या अंगणात आले. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. मास्तरांनी माझ्यासाठी कापडाचा अंगरखा शिवला. त्याला माझ्या दोन्ही आरशांसाठी कानटोपीसारखे खिसे होते. माझ्यातून त्यांची लेक शाळेत गेली, कॉलेजात गेली, सासरी गेली. रस्त्यात लोक वळून बघत, तेव्हा मास्तर उगाच गाडी हळू करत.

पण अंगणात वर आभाळ उघडं. उन्हाने माझा डॅशबोर्ड तडकला. बाजूच्या झाडाची फांदी टपावर पडून पोचा आला. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. गाडीला छप्पर हवं, हे ठरलं. कसलं छप्पर, यावर मात्र घरात जुंपली.

मास्तरांना पक्कं गॅरेज हवं होतं. चार भिंती, दाराला दोन झडपा, आत धुळीचा कण नको. त्यांच्या पत्नीला, म्हणजे मालकीणबाईंना, चार खांबांवर पत्रा टाकलेली उघडी शेड हवी होती. शेडमध्ये वारा खेळेल, कपडे वाळतील, स्वयंपाकघराच्या खिडकीतून नजर राहील. गॅरेज काय, एकदा दार लावलं की आत कोण मेलं नि कोण जगलं, कळायचं नाही, असं त्या सहज बोलून गेल्या. बोलण्याच्या भरात माणसं काहीही बोलतात. तेव्हा कुणी ते मनावर घेतलं नाही.

"उघड्यावर ठेवायला ती काय बैलगाडी आहे?" मास्तर म्हणाले.

"माझ्या भांड्यांच्या कपाटाला आजवर दार नाही," मालकीणबाई म्हणाल्या, "आणि हिला दोन-दोन झडपा. सवत बरी की हो, ती निदान भांडते तरी."

गवंडी दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याने हेच सांगितलं की मी काहीही बांधून देतो, पण आधी घरात काय ते ठरवा. शेवटी मास्तरांचा हट्ट जिंकला. खरं सांगते, मी मनातून खूश झाले. इतक्या वर्षांनी मलाही माझी खोली मिळणार होती.

गॅरेज झालं. गवंड्याने वर एक झरोका ठेवला होता. मास्तरांनी त्याच्या मापाची कापूस भरलेली उशी शिवली आणि त्यात चेपून बसवली. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस. फट दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा. कुठे उसवलेलं, कुठे उघडं त्यांना बघवतच नसे. झडपांखालच्या फटीला त्यांनी जाड पट्टी लावली. मी आत बसले की बाहेरचं जग पार पुसलं जायचं.

आता माझं फिरणं कमी झालं होतं. बॅटरी उतरू नये म्हणून मास्तर अधूनमधून दुपारी येत, आत बसत आणि इंजिन चालू करून थोडा वेळ माझा आवाज ऐकत. तेव्हा झडपा उघड्या असत. मग लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि घरात नात आली. तिला सगळे चिमणी म्हणू लागले. चिमणीची खोली नेमकी गॅरेजच्या भिंतीला लागून. मी गुरगुरले की ती दचकून उठायची आणि मग सारं घर उठायचं. लेक बिचारी रात्र रात्र जागलेली. दुपारचा घटकाभर डोळा लागायचा, तोही मी मोडत होते.

मास्तरांनी यावर उपाय काढला. दाराच्या आतून लावायला त्यांनी एक जाड पडदा शिवला, दोन कापडांच्या मध्ये कापूस घालून. त्याला दोन्ही बाजूंना नाड्या. आत आलं, झडपा ओढून घेतल्या, नाड्या चौकटीच्या कड्यांना आवळून बांधल्या, की माझा आवाज भिंतीपलीकडे जातच नसे. चिमणी झोपून राहायची. लेकीने बाबांचं कौतुक केलं. मास्तर लाजले.

त्यानंतर मास्तर बाहेर येत तेव्हा त्यांचं डोकं दुखत असे. मळमळायचं. त्यांना वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल.

आणि मग ती दुपार आली. मास्तर नेहमीसारखे आत आले. नाड्या बांधल्या, किल्ली फिरवली. मी छान चालू झाले. ते सीटवर मागे टेकले आणि मी माझ्या नादात गुणगुणत राहिले. थोड्या वेळाने त्यांचा हात मांडीवरून खाली घसरला. मला वाटलं, डुलकी लागली. मग मान कलली. ती स्टिअरिंगवर पडली असती तर निदान हॉर्न तरी वाजला असता. ती खिडकीच्या काचेकडे कलली. माझ्याजवळ दोन दिवे होते, मित्रांनो, एक हॉर्न होता, आणि त्यांतलं काहीही मला स्वतः चालवता येत नव्हतं. मला बंदसुद्धा होता येईना. मी चालतच राहिले. भिंतीपलीकडे चिमणी गाढ झोपली होती. पडद्याने आपलं काम चोख केलं होतं.

मालकीणबाई कपडे काढायला अंगणात आल्या. एव्हाना मास्तर नळावर हात धूत असायचे. नळ कोरडा होता. त्यांनी गॅरेजच्या दाराला कान लावला.

"अहो," त्यांनी हाक मारली. "अहो, ऐकू येतंय का?"

त्यांनी झडपा ओढल्या. समोर पडदा. त्यांनी तो खेचला, पण मास्तरांची शिवण आणि मास्तरांच्या गाठी. हाताने फाटणार थोडीच? त्या घरात धावल्या आणि मास्तरांची मोठी कात्री घेऊन आल्या. मागून लेक आली. ज्या पडद्याला मास्तरांनी आठवडाभर जपून टाके घातले, तो बाईंनी वरपासून खालपर्यंत उभा कापला. ज्या बाईंनी मला आजवर बोट लावलं नव्हतं, त्यांनी श्वास रोखून आत हात घातला आणि माझी किल्ली फिरवली. मी थांबले. दोघींनी मास्तरांच्या काखेत हात घालून त्यांना ओढत अंगणात नेलं. मी पाहिलं तेव्हा त्यांच्या पायातली एक चप्पल माझ्याजवळच राहिली होती.

दवाखान्यात त्यांना प्राणवायू लावला. संध्याकाळी ते बोलले. मला हे सगळं कळलं ते लेकीने दारात शेजारणीला सांगितलं तेव्हा. डॉक्टर म्हणाले होते की चालू गाडीच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो माणसाला झोपवतो आणि उठू देत नाही. आणखी थोडा उशीर झाला असता तर उपाय नव्हता.

मी सुन्न झाले. ज्याला मी माझा श्वास समजत होते, ते विष होतं? ज्या माणसाने मला अंगरखा शिवला, त्यालाच मी ते पाजत होते? आणि मला त्याचा पत्ताही नव्हता?

मास्तर घरी आले, पण माझ्याकडे फिरकले नाहीत. झडपा उघड्याच पडून राहिल्या, कापलेला पडदा दोन्हीकडे लोंबत राहिला. अंगरख्यावर धूळ बसली. एकदा मास्तरांचा आवाज कानावर आला. "विकून टाका ती. मला तिचं तोंड बघायचं नाही."

वाटलं, आता मालकीणबाई हुश्श म्हणतील.

"तिनं काय केलं?" त्या म्हणाल्या. "दार तुम्ही लावलंत, नाड्या तुम्ही बांधल्यात. आणि तेही कशाला, तर लेकरू झोपावं म्हणून. त्यात वाईट कुणीच नाही. गाडी राहील. भिंती जातील."

मग मास्तरांच्या रडण्याचा आवाज आला. तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

गवंडी पुन्हा आला. झडपा उतरल्या, छपराला चार खांबांचा आधार दिला आणि तीन भिंती पाडल्या. राहिली फक्त चिमणीच्या खोलीची भिंत, चार खांब आणि वरचं छप्पर. आता माझ्यावर धूळ बसते, पानं पडतात, पाखरं टपावर काय काय करून जातात. रंगही फिका पडत चालला आहे. पडू दे.

मला पुन्हा चालू करायला मास्तरांना बरेच दिवस लागले. त्या दिवशी ते थेट सीटवर बसले नाहीत. आधी त्यांनी मला ढकलत अंगणाच्या मध्यावर नेलं. लेक आणि मालकीणबाईंनी मागून हात लावला. मग मास्तरांनी किल्ली फिरवली आणि चटकन उतरून लांब उभे राहिले. धूर वर गेला, पसरला आणि नाहीसा झाला. घरात चिमणी दचकून उठली आणि तिने भोकाड पसरलं. कुणीही मला बंद करायला धावलं नाही. लेक हसत आत गेली आणि तिला कडेवर घेऊन आली.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर तिला जपा. पुसा, झाका, सावलीत ठेवा. पण बंद दाराआड ती कधीही चालू ठेवू नका, अगदी क्षणभरसुद्धा. तुमच्या घरातलं कुणी ठेवत असेल तर त्यांचा हात धरा आणि आधी दार उघडा. त्यांना राग आला तर येऊ दे. आम्ही गाड्या तुम्हाला कुठेही नेऊ शकतो, पण आमच्यापासून तुम्हाला वाचवायला आम्हाला हात नाहीत. ते तुम्हाला आहेत.