मैदानावरचा आलेख

चाळिशी उलटल्यावर विद्याताईंनी झाशीच्या विद्यापीठात प्रवेश घेतला खरा, पण संख्याशास्त्राने त्यांना रडकुंडीला आणलं. ‘वितरण’ म्हणजे काय, पुस्तकातला तो घंटेसारखा आलेख कशाचा, ते काही केल्या डोक्यात शिरेना. शेवटी कोर्स सोडते म्हणून त्यांनी नवऱ्याला, दामोदररावांना सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी संख्याशास्त्राच्या मॅडमनी अख्खा वर्ग मैदानात नेला. सारख्या उंचीच्यांची एकेक रांग केली, डावीकडे बुटके, उजवीकडे उंच. मधल्या रांगा लांबच लांब झाल्या. डाव्या टोकाला विद्याताई एकट्याच उरल्या आणि उजव्या टोकाला ताडमाड हर्षित. विद्याताई अगदी ओशाळल्या.

मॅडमनी गच्चीवरून फोटो काढला आणि खाली येऊन सगळ्यांना दाखवला. रांगांची चक्क घंटा झाली होती, मध्ये फुगलेली, कडांना निमुळती!

“अगंबाई, हेच का ते वितरण!” विद्याताई मराठीतच ओरडल्या.

हर्षित म्हणाला, “आंटीजी, आप और हम न हों तो घंटी अधूरी!”

सगळे हसले, विद्याताई सर्वांत जोरात.

घरी पोचताच त्यांनी मॅडमनी पाठवलेला फोटो उघडून मोबाइल दामोदररावांपुढे धरला. “अहो, हा कडेचा ठिपका दिसतोय ना? ती मी. कोर्स सोडत नाही बरं का!”