दोन्ही बाजूंच्या गाठी

“निगेटिव्ह आलंय ना? मग तोंड पाडून काय बसलीस?” दादा म्हणाला, आणि वासराच्या पाठीवर थाप मारून घरी फोन लावायलाही लागला.

आमचा दादा म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. वहिनी गेल्यावर तर महिनाभर कोणाशी धड बोलला नाही. मग गोठ्यात ही कालवड जन्मली, तिची आई वितानाच मेली, आणि या गृहस्थाने बाटलीने दूध पाजून तिला वाढवलं. तिला तो ‘बाईसाहेब’ म्हणायचा. तिची मान भरायला लागली तेव्हा येईल त्याला दाखवायचा, कशी अंगाने भरलीय बघा. लोकही वाहवा करायचे. चार महिन्यांच्या वासराची मान अशी भरत नसते, हे एकाही शहाण्याला सुचलं नाही. श्वासाबरोबर शिट्टी वाजायला लागली, तेव्हा कुठे तिला जनावरांच्या दवाखान्यात माझ्याकडे घेऊन आला.

मी इथल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली काचा तपासते. तिच्या खांद्यापुढे चाचपलं, हाताला गाठ लागली, तशी दुसरी बाजूही चाचपली. एकाच बाजूला गाठ असती तर पू झालाय म्हणता आलं असतं. इथे दोन्हीकडे सारख्या, जबड्याखाली तशाच, मांडीपुढेही तशाच. गाठीत सुई घातली, आलं ते काचेवर पसरून रंगवलं. चांगल्या गाठीत लहानमोठ्या पेशींची सरमिसळ दिसते. इथे जिकडेतिकडे एकच जात, मोठ्या, कोवळ्या पेशी. रक्तातही त्याच. तेच रक्त विषाणूच्या तपासणीलाही लावलं. डॉक्टरांनी काच पाहिली आणि म्हणाले, तुम्हीच सांगा, तुमचं ऐकेल. कसलं ऐकतोय!

“दादा, फोन ठेव,” मी म्हटलं. “ती तपासणी विषाणूची होती. तो नाही, म्हणजे तुझ्या बाकीच्या गायींना धोका नाही. हिला कॅन्सर आहे. एवढ्या लहान वासरांना तो विषाणू नसतानाही होतो.”

“औषध?”

“नाही रे.”

त्याने फोन खिशात टाकला आणि बाकावर बसला. म्हणाला, “दूध मीच पाजत होतो. माझ्या हातून काही चुकलं का?”

“नाही. कोणाच्याच हातून नाही.”

त्याला ते पटलं नाही. वहिनीच्या वेळीही त्याने डॉक्टरांना हेच विचारलं होतं.

इंजेक्शन देऊन तिला सोडवणं एवढंच आता हातात आहे, हेही मी सांगितलं. मग म्हणाला, उद्या करू, आजची रात्र घरी राहू दे. शप्पथ सांगते, हो म्हणावंसं वाटलं. पण शिट्टी आता व्हरांड्यापर्यंत ऐकू येत होती. रात्री त्याच्या डोळ्यांदेखत गुदमरली असती, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. वाटलं, आता माझ्यावर खेकसणार. खेकसला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टर इंजेक्शन भरून आले. दादाने हात करून त्यांना थांबवलं.

“लादी गार आहे,” तो म्हणाला. अंगातला स्वेटर काढून त्याने नीट घडी केली, तिच्या मानेखाली सरकवली आणि मगच डॉक्टरांना खूण केली.

शिट्टी थांबली. स्वेटर काढून घ्यायला मी वाकले, तर म्हणाला, “राहू दे तिला.” आणि नुसत्या शर्टावर थंडीत गाडीकडे चालू लागला.